रात्री ८२ टक्के, सकाळी १९: बॅटरी बदलण्याआधी हे बघा

परवा भाची पुण्याहून रात्रीच्या गाडीने अकोल्याला आली. घरात पाऊल टाकताच पाठीवरची सॅक माझ्या हातात देत म्हणाली, “मामा, हात लावून बघ ना.” सॅकमध्ये लॅपटॉपचा कप्पा चांगला गरम होता आणि कान लावला तर आत पंखा घरघरत होता. रात्री होस्टेलवरून निघताना लॅपटॉप शट डाउन केला होता, बॅटरी ८२ टक्के होती, असं तिचं म्हणणं. सकाळी १९. महिन्यात हे तिसऱ्यांदा झालं होतं. होस्टेलजवळच्या दुकानदाराने बघता क्षणी “बॅटरी गेली, साडेचार हजार” असं सांगून टाकलं होतं, आणि ताईने पैसे पाठवायची तयारीही केली होती.

मी झाकण उघडलं. समोर वर्डची फाईल, अर्धवट टाईप केलेल्या वाक्यावर कर्सर लुकलुकतोय. शट डाउन केलेल्या मशीनवर वर्डची फाईल उघडी कशी राहील? म्हणजे लॅपटॉप रात्रभर बंद नव्हताच. बॅटरीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच विचारतो: झाकण उघडल्यावर काय दिसतं? बटण दाबावं लागून कंपनीचा लोगो आला, तर तो बंद होता. थेट लॉक स्क्रीन आली, तर तो झोपला होता. आणि झोपलेला लॅपटॉप खातो. किती खातो, ते मॉडेलवर आणि नशिबावर.

तिचं काय झालं असणार ते लगेच लक्षात आलं. घाईत शट डाउनवर क्लिक केलं आणि स्क्रीनकडे न बघता झाकण मिटलं. वर्डची फाईल सेव्ह केलेली नव्हती, त्यामुळे विंडोज “हे अ‍ॅप बंद व्हायला अडवतंय” असं म्हणत उत्तराची वाट बघत बसलं. उत्तर द्यायला कोणी नव्हतं आणि झाकण मिटलेलं, म्हणून मशीन झोपेत गेलं. तेही सॅकमध्ये, दोन जाड वह्यांच्या मधे.

आजकालची झोप ही झोप नसते

पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे फक्त रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीला, थोडीशी वीज, बाकी सगळं गार. आताच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती झोप दिलेलीच नसते. तिच्या जागी ‘मॉडर्न स्टँडबाय’ असतं, म्हणजे फोनसारखं: स्क्रीन काळी, पण आतून यंत्र जागं. मेल बघेल, अपडेट उतरवेल, एखादा चुकार ड्रायव्हर (वायफाय, ग्राफिक्स असे भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) असेल तर प्रोसेसरला सारखा उठवत राहील. टेबलावर हे चालून जातं. सॅकमध्ये हवा नसते, उष्णता साठते, पंखा फिरतो, पंख्याला वीज लागते, आणि पहाटेपर्यंत बॅटरी तळाला.

तुमच्या लॅपटॉपमध्ये कुठली झोप आहे ते बघायचं तर कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजला हुकूम टाईप करून द्यायची काळी खिडकी, उघडा आणि लिहा: पॉवरसीएफजी (पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी, सलग), मग एक स्पेस, मग तिरकी रेघ म्हणजे फॉरवर्ड स्लॅश, आणि तिला चिकटून ए. उपलब्ध प्रकारांच्या यादीत ‘एस झिरो लो पॉवर आयडल’ दिसलं तर तुमचाही लॅपटॉप फोनसारखा झोपणारा. ‘एस थ्री’ दिसलं तर जुनी, खरी झोप.

मी तिच्या मशीनवर केलेला बदल दोन मिनिटांचा आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे डावीकडे ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ’. बॅटरीवर असताना झाकण मिटलं की ‘स्लीप’च्या जागी ‘हायबरनेट’ निवडलं. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश हायबरनेट, स्पेस, ऑन असं द्यायचं, मग येतं. हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून मशीन खरोखर बंद होतं. उघडताना काही सेकंद जास्त लागतात, पण अर्धवट वाक्य जिथे होतं तिथेच सापडतं. ज्यांना शट डाउन करायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी, म्हणजे आपल्या सगळ्यांसाठी, हा सगळ्यात सोयीचा मार्ग.

आणि एक सवय: निघताना आधी चार्जर काढा, मग झाकण मिटा. चार्जर लावलेला असताना मशीनला वाटतं विजेची ददात नाही, आणि ते अपडेटसारखी जड कामं काढून बसतं. झाकण मिटल्यावर पॉवरचा दिवा विझेपर्यंत थांबा. सॅकची चेन त्यानंतर लावा.

शट डाउन करूनही २३ दिवस चालू?

भाचीचं पुढचं गाऱ्हाणं: अधूनमधून वायफाय गायब होतं आणि “रोज बंद करते तरी” जात नाही. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेलो. खाली ‘अप टाइम’ असतो. त्यात पहिला आकडा दिवसांचा. तिथे २३ होते. ती म्हणाली, “शक्यच नाही.”

शक्य आहे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शट डाउन केलं की तुमच्या फाईली आणि प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर बंद न होता डिस्कवर जसेच्या तसे लिहून ठेवले जातात. दुसऱ्या दिवशी तेच उचलून पुढे चालू. त्यामुळे काल बिघडलेला वायफायचा ड्रायव्हर आजही तितकाच बिघडलेला. गंमत अशी की रीस्टार्टमध्ये हे होत नाही. रीस्टार्टमध्ये गाभा आणि ड्रायव्हरही नव्याने सुरू होतात. म्हणून “बंद करून चालू करा” हा आपला पिढीजात सल्ला विंडोजवर अर्धाच खरा राहिलाय. शट डाउन करून चालू केलं तर नाही, रीस्टार्ट केलं तर उपयोग होतो.

आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, म्हणजे त्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं. ही सोय कायमची काढायची असेल तर पॉवर ऑप्शन्समध्येच ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडा, वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबा (ती दाबल्याशिवाय खालच्या चौकटी फिक्या राहतात, आणि लोक तिथेच नाद सोडतात), मग ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, असेल तर सुरू होण्याच्या वेळेत फारसा फरक जाणवत नाही. मी माझ्या सगळ्या मशीनवर काढून टाकलीय.

खरोखर पूर्ण बंद करूनही रात्रीत दहा-पंधरा टक्के जात असतील तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, बघा. बंद असतानाही यूएसबीतून फोन चार्ज करून देण्याची सोय बऱ्याच लॅपटॉपमध्ये असते. ती बंद करा.

मग बॅटरी गेलीय की नाही हे कळणार कसं?

दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघू नका, रिपोर्ट काढा. पुन्हा कमांड प्रॉम्प्ट, पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, आणि चिकटून बॅटरीरिपोर्ट हा एकच शब्द. फाईल कुठे साठवली ते तिथेच लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात चिक्कार तक्ते असतात, पण आपल्याला दोनच आकडे हवेत: ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवी असताना किती मावायचं, आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आता किती मावतं.

भाचीच्या रिपोर्टमध्ये डिझाइन ५२,५०० मिलिवॉट-अवर, आणि आता ४७,९००. म्हणजे ९१ टक्के. दोन वर्षं वापरलेल्या लॅपटॉपला ही प्रकृती ठणठणीत. त्याच रिपोर्टमध्ये खाली ‘रीसेंट युसेज’ असतं, गेल्या काही दिवसांची जणू रोजनिशीच. त्यात त्या रात्रीची नोंद होती: दहा वाजून सात मिनिटं, कनेक्टेड स्टँडबाय (म्हणजे तीच फोनसारखी झोप), बॅटरी, ८२ टक्के. पुढची नोंद सकाळची. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि ताईला फोन लावला, “आई, पैसे नको पाठवू.”

आता माझा स्वतःचा जुना लॅपटॉप, जो डीटीपीच्या, म्हणजे लग्नपत्रिका वगैरे जुळवण्याच्या, कामाला माझ्या दुकानात आहे. त्याचा रिपोर्ट: डिझाइन ४१,०४०, आता १७,१००. हिशेब करा, ४२ टक्क्यांच्या खाली. ही बॅटरी खरोखर म्हातारी. आणि तिचं लक्षण वेगळं आहे: ३४ टक्के दाखवत असताना, कुठलीही सूचना न देता, फट्‌दिशी बंद. एकदा पत्रिकेत वराचं नाव घालताना गेला, एकदा वधूच्या मामाचं.

हे असं का होतं ते समजून घेतलं तर अर्धा त्रास कमी होतो. लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्ट असतो आणि ३ व्होल्टच्या आसपास रिकामा धरतात. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला विरोध वाढतो. हळूहळू वीज मागितली तर देते. एकदम जास्त मागितली की व्होल्टेज धपकन खाली येतो, आणि तो मर्यादेखाली गेला की बॅटरीतलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. स्क्रीनवरचा ३४ हा अंदाज असतो, मोजमाप नव्हे. म्हाताऱ्या माणसासारखंच आहे, सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर चालतील, पण जिना आला की धाप.

पडताळून बघायची माझी पद्धत साधी. ४० टक्क्यांवर असताना ब्राइटनेस कमी करून नुसती वर्डची फाईल उघडी ठेवायची. माझा अर्धा तास तसा चालला. मग कोरलड्रॉमध्ये फोटोंनी भरलेली जड फाईल उघडली. प्रोग्रेसची पट्टी निम्म्यावर येण्याआधी स्क्रीन काळी. नंतर चार्जर लावून सुरू केला आणि इव्हेंट व्ह्युअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सिस्टिमच्या नोंदींत ‘कर्नल-पॉवर ४१’ सापडला, म्हणजे मशीन रीतसर बंद न होता गेलं. हा क्रमांक वारंवार दिसत असेल आणि प्रत्येक वेळी तुम्ही बॅटरीवरच असाल, तर बॅटरी बदला. चार्जर लावलेला असतानाही येत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. चार्जर, तापणं, रॅम, काहीही असू शकतं, आणि ते दुकानातच बघावं लागेल.

बदलण्याआधी एक प्रयत्न करता येतो. आकडा उड्या मारत असेल, म्हणजे ६० वरून एकदम ४५, तर टक्के मोजणाऱ्या गेजला पुन्हा शिकवा. १०० टक्के भरा, तास-दोन तास तसाच चार्जरवर राहू द्या, मग चार्जर काढून हलकं काम करत आपोआप हायबरनेट होईपर्यंत उतरवा, थोडा वेळ थांबा, परत सलग १०० पर्यंत भरा. आकडा सुधारेल, बॅटरीची ताकद मात्र यातून वाढत नाही. माझ्याकडे आकडा सुधारला, पत्रिका अर्धवट जाणं काही थांबलं नाही. आणि हे दर आठवड्याला करण्याचा छंद लावून घेऊ नका. पूर्ण उतरवणं या बॅटरीला मानवत नाही. “आधी पूर्ण संपू द्या, मगच लावा” हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला आहे.

अकोल्याचा मे महिना आणि १०० टक्के

बॅटरी म्हातारी होते मुख्यतः दोन गोष्टींनी: उष्णता आणि कायम पोट भरलेलं असणं. दोन्ही एकत्र आल्या की लवकर. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो. त्यात लॅपटॉप दिवसभर चार्जरला, १०० टक्क्यांवर, खाली गादी. माझ्या जुन्या मशीनचा जीव असाच गेला, आणि मीच घेतला.

तुमचा लॅपटॉप बहुतेक वेळ चार्जरला लावलेलाच असेल तर चार्जिंगला ८० टक्क्यांवर लगाम घाला. लेनोव्होच्या व्हँटेज अ‍ॅपमध्ये ‘कन्झर्व्हेशन मोड’ असतो, असुसच्या मायअसुसमध्ये ‘बॅटरी हेल्थ चार्जिंग’, डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलमध्ये बायोसमध्येच पर्याय मिळतो. प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढा काढायचा आणि १०० भरायचं. रोज चार्जर काढ-घाल करत बसण्यापेक्षा हे बरं. पूर्ण भरल्यावर लॅपटॉप स्वतःच चार्जिंग थांबवतो, ‘ओव्हरचार्ज’ होऊन फुटेल वगैरे भीती नको. प्रश्न १०० वर दिवसेंदिवस बसून राहण्याचा आहे.

गादीवर, रजईवर, मांडीवरच्या उशीवर ठेवू नका, खालच्या जाळ्या बंद होतात. उन्हात लावलेल्या गाडीत तर मुळीच ठेवू नका. आणि हे विदर्भातल्या मंडळींसाठी: वाळ्याच्या कूलरच्या झोतात लॅपटॉप ठेवून “थंड राहतो” असं समजू नका. तो वारा दमट असतो, कधी कधी थेंबही उडतात. बाजूला घ्या, पंख्याखाली ठेवा. तापलेला लॅपटॉप घरी आणल्या आणल्या चार्जरला लावू नका, वीस मिनिटं निवू द्या.

महिनाभर वापरणार नसाल तर निम्म्याच्या आसपास भरून, पूर्ण बंद करून, घरातल्या गार जागी ठेवा. रिकामा ठेवून गेलात तर परत आल्यावर उठेलच याची खात्री नाही.

वीज गेली, आली, परत गेली

दुकानातल्या डेस्कटॉपला मी ६०० व्हीएचा यूपीएस लावलाय. गिऱ्हाईक म्हणतं, “भाऊ, यूपीएस आहे ना, काढा की प्रिंट.” यूपीएस काम करायला नसतो हो, फाईल सेव्ह करून रीतसर बंद करायला असतो. ती पाच-दहा मिनिटं त्यासाठीच. वीज परत आली की दोन-तीन मिनिटं थांबा, कारण आल्या आल्या व्होल्टेज वर-खाली होतो आणि बऱ्याचदा परत जाते. मगच चार्जर किंवा यूपीएस लावा.

मशीन गोठलं म्हणून लगेच पॉवर बटण दाबून धरू नका. आधी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबा. स्क्रीनच काळी झाली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, आणि कित्येकदा तेवढंच पुरतं. दोन-तीन मिनिटं काहीच हललं नाही तर मग दहा सेकंद बटण. अपडेट चालू असेल, टक्के दिसत असतील, तर हात मागे घ्या, अर्धा तास लागला तरी. डिस्कवर लिहिणं मधेच तुटलं की पुढच्या वेळी रिपेअरची निळी स्क्रीन भेटते. पेन ड्राइव्हचंही तेच. लिहिणं संपायच्या आत उपटलेल्या पेन ड्राइव्हमधल्या पत्रिका मी दोनदा नव्याने केल्यात, फुकट.

लॅपटॉप अजिबातच सुरू होत नसेल, दिवाही नाही, तर चार्जर काढा (बॅटरी सुटी निघत असेल तर तीही), पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, सोडा. मग फक्त चार्जर लावून पंधरा-वीस मिनिटं वाट बघा. खूप खोल उतरलेली बॅटरी सुरुवातीला हळूच चार्ज घेते. टाइप-सी चार्जर असेल तर तो लॅपटॉपचाच आहे ना, हेही बघा. फोनच्या कमी वॉटच्या चार्जरने ६५ वॉटचं मशीन बहुधा उठत नाही.

धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये कोंबलाय. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

फुगलेली बॅटरी

इथे मात्र उपाय शोधत बसू नका. टचपॅड वर आल्यासारखा वाटणं, त्याचं क्लिक घट्ट होणं, खालचं झाकण फाकणं, टेबलावर लॅपटॉप डुगडुगणं, ही लक्षणं. आत वायू जमून सेल फुगलेला असतो. चार्जर काढा, बंद करा, परत चार्ज करू नका. टाचणीने वायू काढायचा प्रयोग कोणी सुचवला तर त्याला लॅपटॉपपासून लांब ठेवा. भोक पडलेला सेल पेट घेतो. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही, कचऱ्यात दाबली गेली तर तिथे आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाला द्या.

माझ्या जुन्याची बॅटरी फुगलेली नाही, नुसती थकलीय. नवी मागवलीय, ती येईपर्यंत तो लॅपटॉप यूपीएसवर आहे आणि मी दर ओळीला सेव्ह दाबतोय. भाची काल रात्रीच्या गाडीने परत गेली. सकाळी तिचा मेसेज आला: निघताना ८८, पोहोचल्यावर ८८, सॅक थंड. खाली दुसरा मेसेज, आता फोनची बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही, त्याचं काय.